फिनिक्स मिल: शेड राहिली, गिरणी गेली

लोअर परळ स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की सेनापती बापट मार्ग लागतो. डिलाईल रोडवरची जुनी माणसं त्याला अजून तुळशी पाईपच म्हणतात, कारण १८७९ मध्ये बांधून झालेल्या तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारी नळवाट याच कडेनं गेली. या रस्त्यालगत १७.३ एकरांवर १९०५ साली फिनिक्स मिल सुरू झाली. आज त्याच आवारात फिनिक्स पॅलेडियम मॉल (आधीचं हाय स्ट्रीट फिनिक्स) आहे, उंच हॉटेल आहे, निवासी मनोरे आहेत. गिरणीची चिमणी मात्र चौकात उभी आहे आणि लोक तिच्यासमोर फोटो काढतात.

माझ्या मुलीला आठवीत शाळेचा प्रकल्प होता: आपल्या भागातली एक जागा निवडा आणि तिथं पूर्वी काय होतं ते लिहा. तिनं फिनिक्स निवडलं. तिचे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, १९७० पासून जवळच्याच एका गिरणीत विणाई खात्यात होते. एका रविवारी आम्ही तिघं चालत तिथं गेलो. अण्णांनी चिमणीला एक फेरी मारली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बॉयलर इथं असणार. मग सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचं खातं, लांब नसणार, त्याला वाफ लागते. आणि सायझिंगच्या पुढं विणाई." फिनिक्समध्ये त्यांनी एक दिवसही काम केलेलं नव्हतं. पण गिरणीचं पोट कसं असतं ते त्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी मुलीच्या वहीत जे उतरलं त्याला मी पुढं कागदपत्रांची जोड देत गेलो. एखाद्या जागेचा आधीचा वापर म्हणजे केवळ आठवणींचा विषय असतो असं आपण धरून चालतो. फिनिक्सच्या प्रकरणात तसं नाही. जुन्या वापरासाठी बांधलेल्या इमारतीनंच पुढं ठरवलं की या जमिनीतून शहराला काय मिळणार.

पाणथळीतून गिरणी

अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खिंड बांध घालून बुजवली गेली, तोवर भरतीचं पाणी बेटाच्या पोटात शिरत असे. बांधानंतरही हा पट्टा लगेच कोरडा झाला नाही. सखल, दलदलीची, स्वस्त जमीन अशीच त्याची ओळख बराच काळ राहिली. पावसाळ्यात इथल्या रस्त्यांवर पाणी साचलं की मला हटकून ही गोष्ट आठवते. गिरण्यांना मात्र नेमकी अशीच जागा हवी होती: पसरायला वाव, शेजारून जाणारी रेल्वे, आणि कोट-फोर्टातल्या भावापेक्षा कितीतरी कमी भाव. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्या उत्तरेकडे सरकत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ असा पट्टा भरत गेल्या. फिनिक्स त्या लाटेच्या उत्तरार्धातली.

१९०५ हे साल साधंसुधं नव्हतं. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची हाक उठली, म्हणजे देशी कापडाला गिऱ्हाईक वाढलं. त्याच सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर दिवस मावळला की यंत्रं थांबत. दिवे लागल्यावर ती थांबेनात, आणि काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची कमाल मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९११ उजाडलं.

शेड अशी का असते

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद या शेडच्या आकारात दडलेला आहे.

सूतकताई मजल्यांवर चालू शकते. पिंजण, कारडिंग, त्यानंतर ज्याला कामगार त्रासन म्हणायचे ते रिंग खातं, ही यंत्रं एकावर एक मजल्यांत बसवता येतात. माग तसे बसत नाहीत. आडवा दोरा नेणारा धोटा मिनिटाला शेकडो वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, प्रत्येक फेरीला फणी आपटते, आणि असे शेकडो साचे, म्हणजे माग, एकाच वेळी चालले की जमीन थरथरते. हा हादरा वरच्या मजल्याला पेलवत नाही. म्हणून विणाईची शेड तळमजल्याची आणि अस्ताव्यस्त पसरलेली. इतक्या रुंद छपराखाली मधोमध उजेड पोचायचा कसा? त्यासाठी करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. प्रत्येक दात्याची एक बाजू तिरकी आणि पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी बाजू जवळजवळ उभी आणि काचेची. ही काच उत्तरेला. दक्षिणेला असती तर ऊन थेट आत आलं असतं, मागावर सावल्या पडल्या असत्या आणि तुटलेला दोरा दिसला नसता. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो.

शेडच्या आत हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे, नाहीतर सूत कोरडं पडून तुटतं. अण्णा सांगतात की मे महिन्यात पाळी सुटल्यावर बाहेरची हवा गार वाटायची. तुळशी पाईपवरची, मे महिन्यातली, दुपारी तीनची हवा!

चिमणीचं खरं काम फार वर्षं टिकलं नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. सुरुवातीला कोळशाच्या बॉयलरची वाफ एका मोठ्या इंजिनाला आणि ते इंजिन दोर-पट्ट्यांवरून अख्ख्या गिरणीला फिरवत असे. १९१५ पासून खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि तिचं मोठं गिऱ्हाईक या गिरण्याच होत्या. हळूहळू यंत्रं विजेवर गेली. बॉयलर उरले ते खळ शिजवायला, सायझिंगला, ब्लीच आणि रंगाच्या खात्याला. म्हणजे आज ज्या चिमणीला आपण गिरणीची खूण मानतो ती निम्म्याहून अधिक आयुष्य वाफेच्या इंजिनाविना धूर सोडत होती.

आमच्या कपाटातला धोटा

घरी अण्णांचा एक धोटा आहे. हातभर लांबीचा, कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं. मधल्या खोबणीत सुताची कांडी बसते. एका बाजूला चिनी मातीचं बारीक भोक आहे, शर्टाच्या बटणाच्या भोकाएवढं. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची सर्वांत झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. दोरा ओठांवर येतो, आणि त्याच्याबरोबर खळीचे आणि कापसाचे कण घशात जातात. दिवसातून किती वेळा हे करावं लागे याचा हिशेब अण्णांनी कधी ठेवला नाही.

याच भोकामुळं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. दुसऱ्यानं तोंड लावलेल्या धोट्याला तोंड लावायला सवर्ण विणकर तयार नव्हते. विणाईत पगार जास्त. त्यामुळं दलित कामगार कमी पगाराच्या कताई खात्यात अडकून राहिले. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मुलीनं हे वहीत लिहावं की नाही असं मला विचारलं. मी म्हटलं, लिही, आणि धोट्याचं चित्रही काढ. गिरणगावाबद्दल बोलताना आपण भजनी मंडळं, खाणावळी, गणपती, शाहिरी यांबद्दल भरभरून बोलतो. ते सारं होतं. त्याच छपराखाली हेही होतं, आणि जागेचा पूर्वीचा वापर सांगायचा तर दोन्ही सांगायला हवं.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली माणसं गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत. कामाला चालत जात. भोंगा झाला की निघायचं. बदली कामगार तर रोज सकाळी दारात उभा राहून आज काम मिळतं का ते पाहायचा, त्याला दूर राहणं परवडणारंच नव्हतं. डिलाईल रोड, करी रोड, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी, ही सगळी वस्ती चालत जाण्याच्या अंतरानं घडलेली आहे.

संप आणि त्यानंतरची शांतता

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं मान्यता एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली होती, त्यामुळं ज्या नेत्यामागं कामगार होते त्याच्याशी कायद्यानं बोलणी करता येत नव्हती. संप कधी अधिकृतपणे मागं घेतला गेलाच नाही. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं होतं, गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, आणि शहर भोवतीनं वाढल्यामुळं गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची झाली होती. अण्णा गावी गेले, दीड वर्षानं परत आले, मग कुरिअरच्या कचेरीत लागले. यावर ते जास्त बोलत नाहीत आणि मीही खोदून विचारत नाही.

नियम ५८

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. गिरण्यांची जमीन दुसऱ्या कामाला कशी वापरायची यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणी पाडून नव्यानं बांधायचं असेल तर जमिनीचे तीन वाटे पडणार होते: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. टक्केवारी जमिनीच्या आकारावर होती. पाच हेक्टरपर्यंत ३३, २७ आणि ४०. पाच ते दहा हेक्टर असेल तर ३३, ३४ आणि ३३. दहाच्या वर ३३, ३७ आणि ३०.

फिनिक्सचे १७.३ एकर म्हणजे जवळजवळ सात हेक्टर, मधला गट. अख्ख्या जागेची अशी वाटणी झाली असती असं क्षणभर धरा. पावणेसहा एकरांच्या आसपास मोकळी जागा आणि त्याहून किंचित जास्त जमीन घरांसाठी निघते. शिवाजी पार्क २८ एकरांचं आहे. म्हणजे लोअर परळच्या मधोमध शिवाजी पार्कच्या पाचव्या हिश्श्याएवढं मैदान.

पण त्याच नियमात दुसरीही वाट होती. उभं बांधकाम आहे तसं ठेवून त्यात दुसरा वापर, अगदी व्यापारी वापरही, करता येत होता, आणि तेवढ्यापुरता वाटणीचा प्रश्न येत नव्हता. ज्याला जमीन सोडायची नाही त्यानं शेड पाडू नये, आतलं यंत्र काढावं, फरशी बसवावी, वातानुकूलन लावावं. फिनिक्समध्ये नव्वदीच्या दशकाच्या शेवटी बदल दिसू लागला तो याच रूपात, एकेक शेड, एकेक वापर. बोलिंग ॲली आली, डिस्को आला. बोलिंग ॲलीची परवानगी कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून घेतली गेली असा आक्षेप कामगार चळवळीतल्या लोकांनी तेव्हा घेतला होता. पुढं बिग बझार आलं, त्यानंतर मोठ्या नावांची दुकानं. २००९ मध्ये पॅलेडियम उघडलं, २०१२ च्या अखेरीस हॉटेल.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणीला फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन धरायची, शेड पाडून मोकळी होणारी धरायची नाही, असा तो बदल होता. आता विणाईची शेड आठवा. माग वरच्या मजल्यावर बसत नाहीत म्हणून ती तळमजल्यावर पसरलेली. गिरणीची जमीन बहुतांश छपराखालीच. आधीपासून रिकामं असं काय असणार? रस्ते, तळं, कोळशाचं अंगण, दाराजवळचा पट्टा. धोट्याच्या हादऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी ठरवलेला शेडचा आकार २००१ नंतर शहराच्या वाट्याचा हिशेब ठरवू लागला. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी अण्णांना नकाशा काढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही जिथं उभं राहून काम केलं तेवढीच जमीन मोजली नाही."

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं या बदलाला न्यायालयात आव्हान दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. मालकांच्या बाजूलाही सांगण्यासारखं होतं, ते टाळून चालणार नाही: जमिनीतून पैसा उभा राहिल्याखेरीज आजारी गिरण्यांच्या योजना आणि कामगारांची थकलेली देणी मार्गी लागणार नव्हती, आणि न्यायालयानं याचा विचार केला. मला तरीही वाटतं की थकलेली देणी एकदा चुकती होतात आणि गेलेलं मैदान कायमचं जातं, म्हणून तराजूत हे दोन सारख्या वजनाचे नव्हते.

दुसरा मार्ग कुणाला सुचलाच नव्हता असंही नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींसाठी राज्य सरकारनं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली होती. १९९६ च्या त्या अहवालात जमिनींचा एकत्र विचार करून सलग मैदानं, रस्ते, घरं आखण्याची दिशा होती. ती अमलात आली नाही. प्रत्येक गिरणी आपापल्या भिंतीच्या आत बदलत गेली, फिनिक्सही.

भिंतीबाहेर

याचा परिणाम पाहायला मॉलच्या दाराबाहेर यावं लागतं. गिरणीच्या काळातही इथं पाळी सुटताना लोट उसळायचा, पण तो चाळींकडे चालत जायचा. आज त्याच जमिनींवर कामाला येणारा माणूस विरार-कल्याणहून गाडीनं येतो, म्हणजे गर्दी स्टेशनच्या जिन्यांवर येऊन अडते. भिंतीआड बदललेल्या आवारांनी बाहेरचे रस्ते आणि पूल रुंद केले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला पुढच्याच स्थानकावर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर, चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला शेजारच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती फिनिक्सच्या माथी मारणं बरोबर नाही. पण कारखान्यासाठी आखलेल्या भागात दुसरं शहर बसवताना काय काय मागाहून आठवतं, ते या दोन तारखांत दिसतं.

घरांचं म्हणाल तर कामगारांनी ती मागून घेतली, आपोआप कुणी दिली नाहीत. बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली. जून २०१२ च्या सोडतीत वेगवेगळ्या गिरण्यांच्या जमिनींवरची ६,९२५ घरं निघाली. अर्ज जवळपास दीड लाख होते. पुढं २०१६ आणि २०२० मध्येही सोडती झाल्या, तरी अर्ज आणि घरं यांतली दरी बुजली नाही.

अशा जागेचा अभ्यास कुणाला करायचा असेल तर एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. मॉलच्या नकाशापासून सुरुवात करू नका. बॉयलर कुठं होतं ते आधी शोधा, मग वाफ लागणारी खाती, मग हादरा देणारी, शेवटी गोदामं आणि दरवाजे. कोळसा, तेल, कॉस्टिक, रंग कुठं साठवत आणि सांडपाणी कुठं जाई तेही या क्रमातूनच हाती लागतं. आणि एखादा जुना कामगार बरोबर घ्या. आम्ही त्या दिवशी तासाभरात जे पाहिलं ते मला एकट्याला वर्षभरात दिसलं नव्हतं.

मुलीनं प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर गिरणीचं चित्र काढलं. चिमणी, दार, करवती छप्पर. अण्णांनी चष्मा लावून ते पाहिलं, आणि खोडरबर मागितलं. तिनं छपराच्या काचा समुद्राच्या बाजूला काढल्या होत्या. "दादर कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं. तिनं हात केला. "मग काच तिकडं." त्यांनी सगळे दाते पुसले आणि एकेक करून पुन्हा काढले.